भट्टी: कुंकळ्ळीची आणि आमची

आमच्या उत्तनमध्ये कोणी 'भट्टी' म्हटले की आजी अजूनही आधी दाराकडे पाहते. म्हणूनच दिवाळीच्या सुटीत जनरलच्या डब्यातून मडगाव गाठून कुंकळ्ळीचा पॉल जॉन व्हिस्कीचा कारखाना चक्क तिकीट काढून पाहिला, तेव्हा मौज वाटली. (त्या तिकिटापायी रात्रीचे जेवण वडापाववर भागवले!) तांब्याचे भांडे, वाफ, ती थंड करायची सोय, तत्त्व हातभट्टीचेच. पण इथे सारे मोजूनमापून, उघड्यावर. लाकडी पिंपांतून उष्म्याने किती उडून जाते, याचाही हिशेब!

२०१५ साली मनोरीच्या खाडीपलीकडे, मालवणीत, मिथेनॉलच्या विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. १९४९ चा दारूबंदी कायदा तेव्हाही होताच. गोव्यात गावचा भट्टीवाला काजूची फेणी परवान्याने गाळतो. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्याकडे मात्र लग्नातली बाटली कुठून आली, हे विचारायचे नसते.

मी पीत नाही आणि दारूची तरफदारीही करीत नाही. पण जे चोरून गाळले जाणारच, ते परवाना देऊन, तपासनिसाच्या डोळ्यांदेखत का गाळू देऊ नये? प्राध्यापक मंडळींना हे रुचणार नाही. आजीला मात्र पटले. फक्त हळू बोल म्हणाली.