एका माणसाचा फड

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी कागदावर एकच शब्द लिहून दिला : दशावतार. आमचे महाविद्यालय घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातले. वर्गातली बरीच मुले मूळची सिंधुदुर्गाकडची, त्यामुळे विषयाचे नवल वाटले नाही. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर यांपैकी एखाद्या मंडळाच्या नाटकाचे मोबाइलवरचे चित्रण आणि चार मुलाखती असे काहीतरी येईल, अशी माझी अटकळ होती. आठवड्याने तो विभागात आला आणि त्याने कानाला लावायची यंत्रे माझ्या हातात ठेवली. कानात जे सुरू झाले त्याला गाणे म्हणावे की गर्जना, हे पहिल्या मिनिटात ठरेना. "मॅडम, हा पण दशावतारच आहे," तो म्हणाला. "ओळीने दहा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत."

'डेमॉनिक रिझरेक्शन' हे नाव मी त्यापूर्वी ऐकले होते, पण ते आपल्या कामाचे आहे असे कधी वाटले नव्हते. मराठीच्या अध्यापकांना रॉक संगीताविषयी मत असण्याची प्रथा नाही. ती असावी, असे मला या वर्षभरात वाटू लागले आहे. म्हणून हे टिपण.

हा मुंबईचा बँड. 2000 साली साहिल माखिजा या तरुणाने तो उभा केला. गिटार त्याची, गळा त्याचा, गीतरचनाही मुख्यतः त्याची. 'डेमॉनस्टीलर' हे त्याने स्वतःला घेतलेले नाव आणि त्याच वर्षी आलेल्या पहिल्या अल्बमचेही तेच नाव. पुढे 'अ डार्कनेस डिसेंड्स' (2005), 'बियाँड द डार्कनेस' ही छोटी ध्वनिमुद्रिका (2007) आणि 'द रिटर्न टु डार्कनेस' (2010) अशी अंधाराची त्रयी झाली, मग 'द डेमन किंग' (2014) आणि 'दशावतार' (2017). 2010 मध्ये 'मेटल हॅमर' या ब्रिटिश नियतकालिकाचा 'ग्लोबल मेटल' पुरस्कार लंडनमध्ये या बँडला मिळाला. ब्लडस्टॉक, वॅकन यांसारख्या युरोपीय महोत्सवांत तो वाजला. या सगळ्या काळात ढोलकरी बदलले, बास वाजवणारे बदलले, दुसरे गिटारवाले आले आणि गेले. टिकला तो एकच माणूस. आपल्याकडे याला शब्द आहे. तमाशाचा फड फडमालकाच्या नावाने चालतो; नाच्या, सोंगाड्या, ढोलकीवाला हंगामापुरते. माणसे बदलली तरी फड तोच राहतो, कारण फड म्हणजे मालकाची जिद्द आणि त्याची उधारी. इंग्रजी पत्रकार अशा बँडविषयी लिहिताना सदस्यबदल हे अपयशाचे लक्षण मानतात. आपण तसे मानण्याचे कारण नाही.

या संगीताला 'प्रायोगिक' म्हणतात. मराठीत 'प्रयोग' हा शब्द मोठा सोयीचा आहे. प्रयोगशाळेतला तो प्रयोग आणि नाट्यगृहात रात्री साडेआठला लागतो तोही प्रयोगच. मुलुंडच्या कालिदासला किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात शंभरावा प्रयोग लागतो तेव्हा त्यात शास्त्रीय अर्थाचा प्रयोग काहीच उरलेला नसतो, आणि छबिलदासच्या चळवळीत जे घडले त्याला आपण 'प्रायोगिक' म्हणालो तेव्हा 'प्रयोगांचे प्रयोग' असा गमतीदार गुंता झालाच. या बँडच्या बाबतीतही दोन्ही अर्थ वेगवेगळे तपासावे लागतात.

पहिल्या अर्थाने पाहिले तर मला थोडा हात आखडता घ्यावासा वाटतो. डेथ मेटलचा घशातून येणारा गुरगुराट, ब्लॅक मेटलचा वेग, त्यावर कीबोर्डचे वाद्यवृंदासारखे थर आणि मध्येच स्वच्छ, गाता गळा हे मिश्रण नॉर्वे-स्वीडनमध्ये नव्वदच्या दशकातच सिद्ध झाले होते. एम्परर, डिमू बोर्गिर, ओपेथ ही नावे विद्यार्थी मला सांगत गेला आणि मी ऐकत गेले. घराणे तेच. बंदिशी निराळ्या, हे मान्य. पण घराणे नवे नव्हे.

खरा प्रयोग दुसऱ्या अर्थाचा, म्हणजे तो होण्याचाच होता. 2000 साली मुंबईत स्वतःची गाणी घेऊन असे काही वाजवणे ही साधी गोष्ट नव्हती. 'रॉक मशीन' हा 1984 साली निघालेला बँड. त्याने स्वतःची गाणी लोकांपुढे ठेवली आणि 1993 मध्ये 'इंडस क्रीड' असे नाव घेतले, पण 1997 मध्ये तोही थांबला (पुन्हा उभा राहिला तो 2010 मध्ये). महाविद्यालयीन स्पर्धांत परकी गाणी हुबेहूब वाजवणाऱ्याला टाळ्या मिळत. धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' भरत असे. शेजारी रुग्णालये, महाविद्यालय, न्यायालय. शांतता क्षेत्राचे नियम आले आणि रंगभवन मुके झाले. तो महोत्सव पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर आला. रॉकचे प्रेक्षक दक्षिण मुंबईतून उपनगरात सरकले त्यामागे ध्वनिप्रदूषणाचे नियम, जागांची भाडी आणि पश्चिम रेल्वे आहे, अभिरुचीतला बदल त्यामानाने थोडा. आपल्या नाट्य-इतिहासात नाट्यगृहांच्या जागेचा असा विचार फार कमी होतो, हे जाता जाता.

जागा नाही, प्रकाशक नाही, वितरक नाही. मग माखिजाने 'डेमॉनस्टीलर रेकॉर्ड्स' हे स्वतःचे लेबल काढले, त्यावरून इतरांचीही संगीते काढली, 'रिझरेक्शन' या नावाने मैफली स्वतः भरवल्या. हे वाचताना साठोत्तरी लघुअनियतकालिकांची आठवण झाली नाही तर आपण काय शिकवतो, असा प्रश्न स्वतःला विचारावा. 'शब्द', 'असो', 'वाचा' काढणाऱ्यांनी हेच केले होते. ज्यांना 'सत्यकथे'च्या दारात उभे राहायचे नव्हते किंवा उभे राहूनही आत घेतले जात नव्हते, त्यांनी सायक्लोस्टाइलचे यंत्र धरले. अशोक शहाण्यांच्या 'प्रास'ने 1977 मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' छापल्या त्याही याच वृत्तीने. आणि कोलटकर पखवाज शिकले होते, सत्तरच्या दशकात इंग्रजी गीते रचून त्यांनी ती ध्वनिमुद्रितही करून पाहिली होती, हे आपण वर्गात तळटीप म्हणूनही सांगत नाही. कवी गिटारीपाशी गेला की आपले टिपण थांबते.

एक फरक मात्र आहे. लघुअनियतकालिकवाल्यांना भाषेशी भांडायचे होते. या बँडची गाणी इंग्रजीत आहेत आणि त्या इंग्रजीशी त्याचे भांडण नाही. ती त्या घराण्याची ठरलेली इंग्रजी आहे : अंधार, सिंहासन, रक्त, सूड. शब्दांच्या पातळीवर 'डार्कनेस' त्रयी मला संकेतबद्ध वाटते, आख्यानकाव्यातल्या युद्धवर्णनासारखी. कान मात्र वेगळी साक्ष देतो. या गायकीत शब्द ऐकू येत नाहीत, निदान पहिल्यांदा तरी नाहीत. ते कागदावर वाचून मग ऐकावे लागतात, म्हणजे गाणे ऐकण्याआधी गीत ही एक संहिता होते. उलटपक्षी आवाज अर्थावर अवलंबून राहत नाही, तो थेट रसावर जातो. भरताच्या आठ रसांपैकी रौद्र, भयानक आणि बीभत्स हे आपण उदाहरणांच्या टंचाईने घाईत उरकतो. शृंगार-करुणाला दोन तास, बीभत्साला स्मशानाचा एक श्लोक. मुंबईतल्याच आणखी एका मेटल बँडचे नाव 'भयानक मौत' आहे. विद्यार्थ्याने ते सांगितले तेव्हा विभागात हशा झाला, पण रसाचे नाव तर त्यांनी अचूक उचलले होते.

आता 'दशावतार'. अल्बममध्ये दहा गाणी, दहा अवतार, पुराणांच्या क्रमाने. भारतीय वाद्ये आणि भारतीय वळणाच्या सुरावटी यात आल्या आहेत आणि आधीच्या अल्बमांपेक्षा हा मला पुष्कळ उंच वाटतो. 'नरसिंह' ऐकताना प्रथमच जाणवले की गुरगुरता गळा आणि गाता गळा ही जी या घराण्याची जुनी जोडी, तिला इथे कथेतले कारण मिळाले आहे. अर्धा पशू, अर्धा माणूस. ना घरात, ना बाहेर. एकाच कंठातून दोन आवाज निघण्याला याहून योग्य विषय कोणता असेल? दोन पायांनी वाजवायच्या ढोलाची अखंड थाप आणि तिच्यावरून अचानक उचलला जाणारा सूर ऐकताना मला खांब फुटल्यासारखे वाटले. इथे संकेताचा प्रयोग झाला.

पण विद्यार्थ्याचा प्रकल्प पुढे सरकला तसे एक विचित्र गणित समोर आले. कोकणातला दशावतार दहा अवतार दाखवतच नाही. आधी आडदशावतार : गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, भट आणि संकासुर. मग रात्रभर एक आख्यान, पुराणातले कुठलेही. नाव दशावतार, पण मोजदाद कोणी करत नाही. संहिता लिहिलेली नसते. कथेचा सांगाडा ठरतो आणि संवाद रंगमंचावर उभे राहतात. वेद चोरणारा संकासुर काळा अंगरखा, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी जीभ अशा वेशात येतो, मालवणीत बोलतो आणि देवादिकांची, भटाची, गावच्या पुढाऱ्याची टवाळी करतो. ज्याला मारण्यासाठी मत्स्यावतार झाला, तो असुरच लोकांचा लाडका.

म्हणजे 'प्रायोगिक' म्हणवणारा अल्बम पुराणांच्या यादीशी इमानी राहिला आणि 'पारंपरिक' म्हणवणारे लोकनाट्य तिच्याशी खुशाल फटकून वागले. ज्या संगीतकाराने स्वतःच्या नावातच असुर आणि चोरी दोन्ही घेतली, त्याने दहा गाण्यांना दहा अवतारांचीच नावे दिली, असुरांपैकी एकाचेही नाही. मला याची चुटपुट लागते. काळ्या बुरख्यातला संकासुर या संगीतावर किती शोभला असता!

आणि नववे गाणे. त्याचे नाव 'बुद्ध'.

आमच्या वर्गात हा प्रकल्प सादर झाला तेव्हा नवव्या गाण्यापाशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. घाटकोपरच्या पूर्वेला राहणारी, घर बौद्ध. ती शांतपणे एवढेच म्हणाली की आमच्या घरी लहानपणापासून याच्या उलट शिकवतात. तिला जे म्हणायचे होते ते मराठीच्या वर्गाला समजावून सांगावे लागू नये, पण लागले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी अनुयायांना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या त्यांतली पाचवी नेमकी याविषयी आहे : बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचे म्हणणे तिने खोटे ठरवून नाकारले आहे. दुसरीकडे संतपरंपरेने विठ्ठलालाच बौद्ध अवतार म्हटले आणि जुन्या पंचांगांच्या, पोथ्यांच्या चित्रांत नवव्या जागी विटेवरचा विठोबा उभा राहिला. महाराष्ट्रात ही नववी जागा कधीच निवांत नव्हती. मुंबईत राहून त्या जागेवरून सरळ चालत जाणे मला खटकते. अल्बमचा हेतू कोणाला दुखावण्याचा नाही, हे उघड आहे. पण प्रयोगशीलता केवळ ढोलाच्या वेगात आणि सप्तकांत असते का, कथा जशी मिळाली तशी घेण्यात ती हरवत नाही का, हा प्रश्न त्या मुलीने आमच्यापेक्षा आधी विचारला.

कोणी म्हणेल, रॉकवाल्याकडून इतक्या सांस्कृतिक जाणिवेची अपेक्षा कशाला? हा युक्तिवाद मला त्याचाच अपमान वाटतो. नाटककाराकडून, कादंबरीकाराकडून आपण ती करतो. पुराणकथा हाताळणाऱ्या प्रत्येक मराठी लेखकाला आपण तपासून घेतले आहे. इथे सूट द्यायची तर मग त्याला कलावंत म्हणू नये.

या पार्श्वभूमीवर माखिजाचे पुढचे काम मला महत्त्वाचे वाटते. 'डेमॉनस्टीलर' या एकट्याच्या नावाने त्याने समांतर ध्वनिमुद्रिका काढल्या. 2016 च्या 'दिस बर्डन इज माइन'मध्ये ग्रीसचा जॉर्ज कोलियास ढोलावर होता. 2023 च्या 'द प्रोपगंडा मशीन'मध्ये ढोल आणि बास वाजवणारे वेगवेगळ्या देशांतले. ज्याने त्याने आपल्या देशात बसून वाजवले आणि ध्वनी मुंबईला धाडला. फडमालक राहिला, फड विरघळला. आणि या अल्बमचा विषय आहे प्रचार, सत्ता, द्वेषाचे राजकारण. काल्पनिक असुरराजे गेले. शब्द अजून थोडे घोषणेकडे झुकतात, साठच्या दशकातल्या काही कवितांसारखेच. पण भांडण आता खऱ्या कशाशी तरी आहे. मधल्या वर्षांत हाच माणूस 'वर्कशॉप' नावाचा विनोदी रॉक बँड चालवत होता आणि 'हेडबँगर्स किचन' या कार्यक्रमात कीटो पद्धतीचे पदार्थ शिकवत होता. पोट त्यावरही चालते. शाहिराला शेती असे, सोंगाड्याला दुकान असे. यात हसण्यासारखे काही नाही.

प्रकल्पाचे काय झाले ते सांगते. विभागाच्या बैठकीत 'हे लोकसाहित्य नव्हे' असा आक्षेप आला आणि तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. तडजोड अशी निघाली की विद्यार्थ्याने दोन दशावतारांची तुलना करावी. त्याने मे महिन्यात गावी जाऊन एक नाटक रात्रभर पाहिले, संकासुराचे काम करणाऱ्याशी बोलला, आणि परत आल्यावर त्याला 'नरसिंह' ऐकवल्याचेही सांगितले. त्या बाप्याने पूर्ण ऐकले म्हणे, मग विचारले, "हेका दम खंयसून येता?" नवव्या अवताराचे पान लिहायला त्याने त्या मुलीला सांगितले. तिने दीड पान लिहून दिले. ते त्याने एक अक्षर न बदलता, तिच्या नावानिशी प्रबंधिकेत बांधले आहे.