एका दिवसाचा पाहुणा

गेल्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. लॅम रोडवर एका वयस्कर गोऱ्या गृहस्थांनी मला थांबविले. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात शिपाई म्हणून देवळाली कॅम्पात होते. ती जागा त्यांना पाहायची होती. मला तासाला उशीर झालेला. बोट दाखवून मोकळा होणार, तोच ते म्हणाले, "वडील देवळालीविषयी कधी बोलत नसत. बोलत ते डर्बनविषयी. तिथे ते एकच दिवस उतरले होते!"

वाचकहो, आम्हां देवळालीकरांना हे झोंबायचेच!

१९४० साली इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्राची वाट धोक्याची झाली. इकडे येणारी सैन्याची जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. कित्येक आठवडे जहाजाच्या पोटात कोंबलेली ती पोरे डर्बनला जमिनीवर पाय ठेवीत. धक्क्यावर पांढरा पोशाख आणि लाल टोपी घातलेली पर्ला गिब्सन नावाची बाई तोंडाशी कर्णा धरून त्यांच्यासाठी गात असे. स्वतःचा मुलगा लढाईत पडल्याची बातमी आली, त्या दिवशीही ती गायली.

याच डर्बनला १३ जानेवारी १८९७ रोजी गांधीजी जहाजातून उतरले, तेव्हा गोऱ्यांच्या जमावाने त्यांना दगडांनी आणि लाथाबुक्क्यांनी झोडपले होते. त्या वेळी पोलीस अधिकाऱ्याची पत्नी, मिसेस अलेक्झांडर, छत्री उघडून मध्ये उभी राहिली. शहर तेच! पण एका दिवसाच्या पाहुण्याला सबंध शहर थोडेच भेटते? त्याला एखादे माणूस भेटते, आणि तेच त्याचे शहर होते.

आमच्या वाट्याला काय आले? पूर्वी मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीत परतीच्या जहाजाची वाट पाहत. जहाजे सुटत हिवाळ्यात. ती चुकली की महिनोन् महिने बसून राहायचे. उन्हाने आणि कंटाळ्याने डोकी फिरत. त्यातून इंग्रजीत 'डूलाली टॅप' हा शब्दप्रयोग रूढ झाला. 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'! इंग्रजी कोशात आमचे गाव वेडाच्या नावाने नांदते. मराठीच्या मास्तराने यावर हसावे की रडावे?

तास बुडालाच. पाहुण्यांना कॅम्प दाखवून घरी आणले. हिच्या चकल्यांचा पहिला घाणा नुकताच निघाला होता. एक शब्दही न कळता दोघांच्या पाऊण तास गप्पा चालल्या.

निघताना पाहुण्यांनी खिशातली वही काढून हिचे नाव लिहून घेतले. माझे विचारलेसुद्धा नाही.