साथ करणाऱ्याचा कान

मोठ्या गवयाची बैठक आटोपून घरीं परतणाऱ्या श्रोत्यांच्या तोंडीं एकट्या गवयाचेंच नांव असतें. त्याच्या पाठीमागें तंबोरा छेडीत बसलेल्या व मधून मधून आपला आवाज त्याच्या आवाजांत मिळविणाऱ्या शिष्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. आमच्या मतें, त्या रात्रीं तें गाणें सर्वांत चांगलें कोणी ऐकिलें असेल, तर तें त्या शिष्यानेंच.

गुरूनें श्वास कोठें घेतला, कोणता स्वर किती वेळ धरिला, समेवर येतांना तान कोठून वळविली, हें त्याला हातभर अंतरावरून कळतें. गुरु क्षणभर थांबला कीं त्या स्वरावर आपला आवाज ठेवावयाचा, आणि त्यानें पुन्हां आरंभ करितांच तो अलगद काढून घ्यावयाचा, हें त्याचें काम. अशा मनुष्याच्या मनांत जो आदर उत्पन्न होतो, तो ऐकीव कीर्तीवर उभारलेला नसतो. गाण्यांतील अवघड जागा किती अवघड आहे, हें त्याच्या स्वतःच्या गळ्यास ठाऊक असतें.

तबकडीवरून हें शिक्षण मिळत नाहीं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावत असे. केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. रत्न तें खरेंच. परंतु एकच राग तासभर कसा उलगडत जातो, हें समोर बसल्यावांचून उमजत नाहीं.

कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या छायेंत बसल्यानें स्वतःचा आवाज खुंटतो. हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. गुरूच्या गुणांबरोबर त्याच्या लकबीही उचलून जन्मभर त्याची नक्कल करणारे शिष्य आढळतात. परंतु किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांचें उदाहरण पाहावें. त्या आपल्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर यांच्या मागें तंबोऱ्यावर बसत. पुढें त्यांनीं जयपूर घराण्याची चाकोरी ओलांडून स्वतःची वाट काढिली, व तीवरून आईच्या चाहत्यांचा रोषही ओढवून घेतला असेल. तरी त्या वाटेचा पाया मागें बसून घटविलेलाच होता. ऐकण्यानें आवाज खुंटत नाहीं, विचार न करितां ऐकण्यानें खुंटतो.

साथीची योग्यता याहूनही मोठी असूं शकते. कुमार गंधर्व यांचें एक फुप्फुस क्षयानें निकामी केलें होतें. पुढें त्यांच्या बैठकींत वसुंधरा कोमकली साथीस गात. स्वतः समर्थ गायिका असून दुसऱ्याच्या गाण्यास आपला स्वर देणें, हें कमीपणाचें लक्षण कोण म्हणेल?

आमच्या शाळेंत मात्र प्रत्येक मुलास पहिल्या रांगेंत उभें राहून एकट्यानें गावयाचें असतें, आणि यांत दोष मुलांपेक्षां आम्हां वडील माणसांचा अधिक. संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर आम्ही मुख्य गाणाऱ्याचें नांव ठळक छापितों, आणि पेटीवाला, तबलजी व मागें सूर धरणारीं मुलें यांस "इतर" या एका शब्दांत गुंडाळितों. ही चाल मोडावी. सर्वांचीं नांवें एकाच टाइपांत छापावीं.

विद्यार्थिमित्रहो, गावांत चांगला गवई आला तर जाऊन समोर बसा. आणि कोणी साथीस बोलाविलें तर तो मान समजा.