गोळी बंद करण्याआधी

स्टॅटिनची गोळी बंद करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. मधुमेहाची गोळी चुकली तर ग्लुकोमीटर लगेच चुगली करतो, रक्तदाबाची चुकली तर यंत्रावरचा आकडा चढतो. कोलेस्टेरॉलची गोळी सोडली तर उलट बरेच वाटते. सकाळी अंग हलके, पायऱ्या चढताना मांड्या कमी भरून येतात, शिवाय मेडिकलचे बिल थोडे उतरते. वाढलेल्या कोलेस्टेरॉलला स्वतःचे असे लक्षण नसते. त्यामुळे गोळीचा फायदा कधीच जाणवत नाही आणि तिचा त्रास, खरा असो की वाटलेला, रोज जाणवतो. अशा सौद्यात गोळी हरणार हे उघड आहे.

नाशिकमध्ये गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी चालणाऱ्या साठीच्या मंडळींत हा विषय निघतोच. कुणाच्या पोटऱ्या दुखतात, कुणाला विसरायला होते, कुणाची साखर वाढली. सगळ्यांचा गुन्हेगार एकच, रात्रीची ती छोटी गोळी. मग कुणीतरी सांगतो की त्याने सहा महिन्यांपूर्वीच बंद केली आणि तो ठणठणीत आहे. डॉक्टरांना मात्र त्याने हे सांगितलेले नसते. या सगळ्या प्रकरणातली खरी धोक्याची गोष्ट हीच आहे. गोळी बंद होते ती चर्चेशिवाय, गुपचूप.

इथे दोन प्रकारच्या रुग्णांत फरक करायला हवा. सोसायटीच्या तपासणी शिबिरात कोलेस्टेरॉल थोडे जास्त निघाले, बाकी काही आजार नाही, अशा माणसाने गोळी घ्यावी की आधी सहा महिने आहार-व्यायाम करून पाहावे, यावर डॉक्टरांशी वाद घालायला जागा आहे. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे, ज्याच्या रक्तवाहिनीत स्टेंट आहे, त्याच्यासाठी ती जागा फार थोडी आहे. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण साडेपाच वर्षांत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ जण दगावले, सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२. दोन्ही गट जवळपास सारख्याच संख्येचे होते. त्या ७४ माणसांपैकी एकालाही आपण गोळीमुळे वाचलो हे कळले नसणार.

आता त्रासाबद्दल. स्टॅटिनमुळे स्नायू दुखतात हे खरे आहे. ते दुखणे बहुधा दोन्ही बाजूंना सारखे असते. मांड्या, पोटऱ्या, कंबरेखालचा भाग, खांदे. ते गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत येते आणि गोळी थांबवल्यावर दोन ते चार आठवड्यांत ओसरते. एकच गुडघा दुखतो, टाच सकाळी टेकवत नाही, तळपायाची आग होते, ही दुखणी सहसा स्टॅटिनची नसतात. ती संधिवाताची, टाचेची किंवा जुन्या मधुमेहाची असतात, पण आळ गोळीवर येतो.

प्रश्न आहे तो प्रमाणाचा. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १९ चाचण्यांची एकत्रित मोजणी आली, माणसे सुमारे १ लाख २४ हजार. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायूंचे दुखणे सांगितले. नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांपैकी सांगितले २६.६ टक्क्यांनी. म्हणजे चाळिशी-पन्नाशीनंतर चारातल्या एकाचे अंग दुखतेच, गोळी असो वा नसो. खुद्द गोळीचा वाटा काढला तो पहिल्या वर्षात हजारामागे सुमारे ११ जण, आणि त्यानंतर जवळजवळ काहीच नाही.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी याहून चतुर प्रयोग केला. स्टॅटिनचा त्रास झाला म्हणून गोळी सोडून दिलेले ६० जण त्यांनी निवडले. प्रत्येकाला वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या. चार महिन्यांच्या बाटल्यांत २० मिलिग्रॅम अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, चारांत बनावट गोळ्या, चार रिकाम्या. कोणत्या बाटलीत खरी गोळी आहे हे कुणालाच माहीत नव्हते. रोजचा त्रास शंभरपैकी गुण देऊन मोबाइलवर नोंदवायचा. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी गुण आले ८, बनावट गोळीच्या महिन्यांत १५.४, खऱ्या स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. म्हणजे गोळी घेतल्याने जो त्रास वाढला, त्याचा नव्वद टक्के भाग बनावट गोळीनेही तितकाच वाढवला होता. प्रत्येकाला त्याचाच वर्षभराचा आलेख दाखवल्यावर निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

या प्रयोगाचा चुकीचा अर्थ काढणारे डॉक्टरही कमी नाहीत. 'सगळे मनाचे खेळ आहेत' असे रुग्णाला ऐकवणे म्हणजे त्या निष्कर्षाचा विपर्यास आहे. ते १५.४ गुण खरे होते, दुखणे खरे होते. फक्त ते रसायनातून आले नव्हते, त्रास होणार या अपेक्षेतून आले होते. आणि जो माणूस आधीच घाबरलेला आहे त्याला तीन मिनिटांत वाटेला लावले की तो दुसऱ्या दिवशी गोळी कपाटात ठेवून देतो.

नाशिक जिल्ह्यात या गोंधळात भर घालणारी आणखी कारणे आहेत. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी झाली की पुढचा आठवडा हजारो पोटऱ्या दुखतात. छाटणीच्या हंगामात द्राक्षबागेत मांडवाखाली दिवसभर मान वर आणि हात वर ठेवून काम केल्यावर खांदे भरून येणारच. अनेक महिने न हललेला माणूस एकदम डोंगर चढला तर सीपीके या स्नायूंच्या तपासणीचा आकडाही गोळीशिवाय वाढतो. म्हणून फेरीच्या, मॅरेथॉनच्या किंवा जड कामाच्या लगोलग ही तपासणी करून घाबरू नये, चार-आठ दिवस विश्रांती घेऊन करावी. खरे दुखणे कोणत्या दिवशी सुरू झाले आणि त्याआधी काय केले होते, हे एका वहीत लिहून नेले तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

दुखणाऱ्याने दोन तपासण्या आवर्जून मागाव्यात. एक थायरॉइडची, दुसरी ड जीवनसत्त्वाची. थायरॉइड मंद असेल तर त्यानेच कोलेस्टेरॉल वाढते आणि त्यानेच अंगही दुखते. मूळ दुखणे राहते बाजूला आणि स्टॅटिन मात्र बदनाम होते. ड जीवनसत्त्व तर आपल्याकडे भर उन्हाच्या मुलखात कमी निघते.

दुसरी औषधेही पाहावीत. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सिमव्हास्टॅटिन किंवा अ‍ॅटोरव्हास्टॅटिनबरोबर घेतले तर रक्तातले स्टॅटिन धोकादायक पातळीला जाऊ शकते. छातीच्या संसर्गासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे जाणारा रुग्ण हृदयाच्या गोळ्यांची यादी खिशात नेत नाही, तिथे घोळ होतो. गोळ्यांच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट टाळा असेही लिहिलेले असते. हे वाचून द्राक्षाच्या जिल्ह्यात द्राक्षे बंद होणे अगदी साहजिक आहे, पण ग्रेपफ्रूटचा द्राक्षाशी काही संबंध नाही. ते लिंबूवर्गीय फळ आहे, आपल्या पपनसाचा जवळचा भाऊ. द्राक्षे खुशाल खावीत. मधुमेह असेल तर त्याचा हिशेब वेगळा.

मग खरोखरच गोळीमुळे दुखत असेल तर? ती सोडून देणे हा एकच मार्ग नाही, आणि बहुतेकांना पहिल्याच पायरीवर उत्तर सापडते. डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-चार आठवडे थांबायचे, दुखणे ओसरते का पाहायचे, आणि मग कमी डोस किंवा दुसरे स्टॅटिन सुरू करायचे. यामागे एक गणित आहे जे रुग्णांना क्वचित सांगितले जाते. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल जेमतेम ६ टक्क्यांनी आणखी उतरते. बहुतेक काम पहिल्या छोट्या डोसातच होते. त्यामुळे डोस निम्मा केल्याने फारसे गमावले जात नाही आणि त्रास मात्र बराच उतरू शकतो. रोसुव्हास्टॅटिनच्या बाबतीत तर भारतीयांनी हे लक्षात ठेवलेच पाहिजे. तेवढ्याच डोसात भारतीय वंशाच्या लोकांच्या रक्तात ते गोऱ्या लोकांपेक्षा सुमारे १.६ पट आढळले, आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करण्याची सूचना पत्रकात घातली. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात, म्हणून काहींना एक दिवसाआड गोळी देऊनही भागते. छोट्या डोसाला इझेटिमाइबची जोड देता येते. काहीच सोसत नसेल तर बेम्पेडोइक अ‍ॅसिड आहे. स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे १४ हजार रुग्णांवर त्याची चाचणी होऊन २०२३ मध्ये निष्कर्ष आले, हृदयविकाराचे प्रसंग १३ टक्क्यांनी कमी झाले. ते युरिक अ‍ॅसिड वाढवते, म्हणून गाउट असलेल्यांनी जपून. इंजेक्शनेही आहेत, पण त्यांची किंमत सामान्य घराला झेपणारी नाही.

एका लक्षणाला मात्र वाट पाहायची नाही. अंग असह्य दुखते आहे, ताकद गेली आहे आणि लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी गडद होते आहे, असे झाले तर गोळी त्याच क्षणी थांबवून रुग्णालय गाठावे. स्नायू वितळून मूत्रपिंडे बंद पडण्याचा हा प्रकार फार दुर्मीळ आहे, वर्षाला लाखात दोन-तीन. पण त्याच प्रकाराने २००१ मध्ये सेरिव्हास्टॅटिन हे औषध जगभरातून मागे घ्यावे लागले होते, तेव्हा भीती निराधार नाही.

साखर वाढण्याची तक्रारही खरी आहे, आणि तिच्याबद्दल आडपडदा नको. २०१० च्या एका मोजणीनुसार २५५ जणांनी चार वर्षे स्टॅटिन घेतले तर एकाला जास्तीचा मधुमेह होतो. त्याच हिशेबात हृदयविकाराचे पाचेक प्रसंग टळतात. मोठ्या डोसात ही शक्यता वाढते, आणि ज्यांची साखर आधीच कुंपणावर आहे त्यांनाच बहुधा ती ओलांडायला लावते. अशांनी एचबीए१सी पाहत राहावे. विसरभोळेपणाचा आरोप चाचण्यांत टिकलेला नाही. यकृताच्या एन्झाइमची थोडी वाढ बहुधा आपोआप उतरते. यकृतावर चरबी आहे एवढ्यावरून गोळी नाकारण्याचे कारण नाही.

'केमिकल' नको म्हणून गुग्गुळाकडे वळणारे पुष्कळ आहेत. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांना आठ आठवडे गुग्गुळाचा अर्क किंवा बनावट गोळी देऊन पाहिले, तर अर्क घेणाऱ्यांचे एलडीएल ४ ते ५ टक्क्यांनी वाढले. काहींना अंगावर पुरळ उठले ते वेगळेच. गंमत अशी की पहिले स्टॅटिन निसर्गातूनच आले. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हजारो बुरशी तपासून ते तांदळावरच्या एका बुरशीत शोधले. महागड्या कोएन्झाइम क्यू१० च्या कॅप्सूलने दुखणे थांबते, याला चाचण्यांत भरवशाचा आधार मिळालेला नाही.

वर्तमानपत्रांचेही यात देणे लागते. डेन्मार्कमध्ये ६ लाख ७४ हजार ९०० स्टॅटिन घेणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्टॅटिनविरोधी बातम्या आणि गोळी लवकर सोडणे यांचा संबंध आढळला. लवकर सोडणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका २६ टक्क्यांनी जास्त होता. आपल्याकडे ते काम आता मोबाइलवरचे ढकललेले संदेश करतात आणि त्यांना दुरुस्ती छापावी लागत नाही.

त्या संदेशांशी लढायला रुग्णाच्या हातात काय असते? पट्टी कापून दहा गोळ्या दिल्या जातात, माहितीपत्रक खोक्यात राहते, आणि राहिले नाही तरी ते बारीक इंग्रजीत असते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. वैद्यकापासून आयुर्वेदापर्यंत सगळ्या शाखा तिथे एका छताखाली आहेत. स्टॅटिनवर मराठीत एक पानाचे पत्रक, त्यात कोणते दुखणे गोळीचे आणि कोणते नव्हे, कधी थांबायचे आणि कुणाला विचारायचे, हे तयार करणे विद्यापीठाला अवघड नाही. हृदयरुग्णाला घरी सोडताना प्रत्येक रुग्णालयाने ते कार्डाबरोबर द्यावे.

आणि त्रास झालाच तर तो नोंदवण्याची सरकारी सोय आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा भारतीय कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे, त्याचे केंद्र गाझियाबादला आहे. रुग्ण स्वतः तक्रार करू शकतो, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. नाशिकच्या प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर उधारी बंदची पाटी दिसते. त्याच पाटीखाली हा क्रमांक लावायला औषध विक्रेत्यांच्या संघटनेला एक ठराव पुरेल.