प्याल्यातील पाण्याचा थेंब

आपल्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत एक शब्दप्रयोग पिढ्यान् पिढ्या रूढ आहे. रविवारी चर्चमधून परतणाऱ्यास शेजारी विचारतो, "मिस्सा ऐकलीस का?" आणि तोही समाधानाने उत्तर देतो, "ऐकली." मिस्सा लॅटिन भाषेत होत असे त्या काळी हा शब्द शोभून तरी दिसे. ती आपल्या भाषेत होऊ लागून आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. तथापि शब्द टिकला आणि त्यामागची समजूतही टिकली. बलिदान करणारे ते फादर, आणि आपण ऐकणारे! दुसरा एक प्रश्न आम्हां धर्मगुरूंच्या कानी वारंवार येतो: "फादर, एका मिस्सेला किती द्यायचे?" विचारणाऱ्याच्या मनात भक्ती असते, दिवंगत आईबापांविषयी माया असते; परंतु प्रश्नाचा घाट बाजारातला असतो. या दोन्ही बोलण्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. तो दूर व्हावा म्हणून आज हे चार शब्द.

याजक कोण आणि बळी कोण, हे प्रथम पाहू. यरुशलेमच्या मंदिरात दररोज सकाळी एक व सायंकाळी एक कोकरू अर्पण करावे, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, प्रमुख याजक पडद्याआडच्या परमपवित्र स्थानी बळीचे रक्त घेऊन जाई. तेथे याजक निराळा आणि बळी निराळा असे. सुरी याजकाच्या हाती, आणि सुरीखाली मान मुक्या जनावराची. जनावराच्या रक्ताने मनुष्याचे अंतःकरण शुद्ध होत नाही. म्हणून आज केलेले अर्पण उद्या पुन्हा करावे लागे. पुढे इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने ते मंदिर उद्ध्वस्त केले, आणि तेथील बलिदाने कायमची थांबली.

प्रभू येशू ख्रिस्त हा लेवीच्या याजककुळातला नव्हता. तो यहूदाच्या वंशातला. त्याच्या हाती सुरी नव्हती, वेदीवर दुसऱ्या कोणास त्याने ठेवले नाही. त्याने स्वतःला ठेवले. अर्पण करणारा तोच आणि अर्पण होणाराही तोच, हे ख्रिस्ती याजकपणाचे मर्म आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात हा भेद मोठ्या मार्मिकपणे दाखविला आहे. जुना याजक रोज उभा राहून सेवा करी. ख्रिस्त मात्र एकदाच अर्पण करून पित्याच्या उजवीकडे बसला. ज्याचे काम अपुरे आहे तो उभा असतो. ज्याचे पुरे झाले तो बसतो.

येथे चाणाक्ष वाचक विचारील, "काम पुरे झाले, तर मग रोज मिस्सा कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. 17 सप्टेंबर 1562 रोजी ट्रेंटच्या विश्वपरिषदेने आपल्या बाविसाव्या बैठकीत याचे उत्तर दिले. बळी तोच, अर्पण करणाराही तोच. तो आता धर्मगुरूंच्या सेवेद्वारे अर्पण करतो. भेद केवळ अर्पणाच्या रीतीत आहे. क्रूसावर रक्त सांडले. वेदीवर ते सांडत नाही. घरगुती दाखला द्यावयाचा तर विहीर एकदाच खणली जाते, पाणी मात्र रोज शेंदावे लागते. रोज शेंदणारा काही रोज नवी विहीर खणत नाही. कालवारीवर जो झरा फुटला, त्याचेच पाणी आपल्या गावच्या वेदीवर आपल्या ओंजळीत पडते.

धर्मगुरू हा शेंदणारा आहे, विहिरीचा धनी नव्हे. यास्तव मिस्सेची किंमत हा शब्दच खोटा आहे. विश्वासू जन जे देतात ती ख्रिस्तसभेच्या कार्यासाठी व सेवकाच्या निर्वाहासाठी दिलेली देणगी होय. सन 1983 च्या धर्मकायद्याने या देणगीला व्यापाराचा नुसता भाससुद्धा येऊ देऊ नये, असे बजावले आहे. आणि गरिबाकडून काही न मिळाले तरी त्याच्या हेतूसाठी मिस्सा अर्पण करावी, अशी धर्मगुरूंस आग्रहाची शिफारस केली आहे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. दर रविवारी व आज्ञापित सणांच्या दिवशी प्रमुख धर्मगुरूने आपल्या धर्मग्रामातील सर्व लोकांसाठी एक मिस्सा अर्पण केलीच पाहिजे, असा त्याच कायद्याचा नियम आहे. त्या मिस्सेसाठी देणगी नसते. ज्याच्या खिशात दमडी नाही त्याच्यासाठीही दर रविवारी ते बलिदान होते.

पण धर्मगुरूने केवळ हात आणि वाणी दिली म्हणजे भागले काय? दीक्षेच्या वेळी तो जमिनीवर पालथा पडतो आणि सारी मंडळी त्याच्यासाठी संतांचा धावा करते. पुढे त्याच्या तळहातांस पवित्र तेल लावतात, आणि भाकर व प्याला त्याच्या हाती देताना, क्रूसाच्या रहस्याप्रमाणे तुझे जीवन घडव, असे बिशप त्याला सांगतात. ज्या ख्रिस्ताच्या नावाने तो उभा राहतो तो स्वतःच बळी झाला. तेव्हा सेवकाने स्वतःला राखून ठेवणे कसे शोभेल?

आपल्या शेजारच्या गोमंतकाने याचे एक उज्ज्वल उदाहरण जगाला दिले आहे. संत जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी बाणावली येथे झाला व 1676 साली त्यांना याजकदीक्षा मिळाली. त्या काळी सिलोन बेटावर, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, डच कंपनीचा अंमल जेथे जेथे बसला तेथे कॅथलिक धर्मगुरूंस बंदी झाली. जाफना 1658 साली डचांच्या हाती गेले. तेव्हापासून सुमारे तीस वर्षे तेथील ख्रिस्ती लोक धर्मगुरूवाचून राहिले. ही वार्ता ऐकून फादर वाझ 1687 साली भिकाऱ्याच्या वेषात, अनवाणी, तेथे पोहोचले. गळ्यात रोझरीची माळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. माळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख दिसते का, ते पाहत. ती ओळख दिसली! मग रात्रीच्या अंधारात, घराघरांतून, मिस्साबलिदान पुन्हा सुरू झाले. पुढे 1692 साली ते कँडीला गेले असता पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैद करण्यात आले. 1697 साली त्याच कँडीत देवीची साथ आली आणि आप्तांनी टाकलेल्या रोग्यांची शुश्रूषा त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी केली. ते मायभूमीस कधी परतले नाहीत. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. कोणी त्यांच्यावर तलवार चालविली नाही; चोवीस वर्षे ते तिळतिळ अर्पण होत गेले. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले.

वाचकहो, या कथेची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. त्या तीस वर्षांत माळ जपली कोणी? घरोघरच्या आईबापांनी! वेदी नव्हती, धर्मगुरू नव्हता, तरी त्यांनी प्रार्थना मोडू दिली नाही. ख्रिस्तसभा ज्याला विश्वासू जनांचे सामाईक याजकपण म्हणते, ते हेच. 21 नोव्हेंबर 1964 च्या दस्तऐवजात द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने शिकविले की स्नानसंस्काराने मिळणारे याजकपण आणि दीक्षेने मिळणारे याजकपण यांत केवळ पायरीचा नव्हे तर प्रकाराचा भेद आहे. तथापि दोन्ही एकमेकांसाठी आहेत आणि दोन्ही ख्रिस्ताच्याच याजकपणातून आलेली आहेत. माळ जपणारे होते म्हणून फादर वाझ यांना दार उघडले. आणि फादर वाझ आले म्हणून त्या घरांत पुन्हा वेदी उभी राहिली.

हे सारे आपल्या डोळ्यांसमोर दर मिस्सेत घडते, पण ते इतके लहान असते की नजरेतून सुटते. प्याल्यात द्राक्षारस ओतल्यावर धर्मगुरू त्यात पाण्याचा एक थेंब घालतो. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन, जे 258 साली हुतात्मा झाले, त्यांनी आपल्या एका पत्रात याचा अर्थ उलगडला आहे. द्राक्षारस म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, आणि पाणी म्हणजे त्याचे लोक. दोन्ही मिसळल्यावर त्यांना कोणी वेगळे करू शकत नाही. तो थेंब म्हणजे तुम्ही आहात. म्हणूनच पुढे धर्मगुरू तुमच्याकडे वळून त्या बलिदानाला केवळ आपले म्हणत नाही, तुमचेही म्हणतो.

मग त्या थेंबात काय घालावे? जे घरात आहे तेच. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे करता करता ज्या सुनेची रात्र जाते, तिने ती रात्र घालावी. कापणीच्या तोंडावर पावसाने ज्याचे भात आडवे केले, त्याने ते दुःख घालावे. हातात काही नाही असे म्हणणारा मनुष्य आम्ही अद्याप पाहिला नाही.

मात्र एक अट प्रभूने स्वतःच घातली आहे. वेदीपाशी आल्यावर भावाचे मन आपल्याविषयी दुखावले आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे त्याने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. आमच्या खेड्यांत हाताएवढ्या बांधासाठी दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात. रविवारी चर्चमध्ये एक उजवीकडे बसतो, दुसरा डावीकडे. आणि दोघांचा थेंब एकाच प्याल्यात पडावा, अशी दोघांचीही अपेक्षा असते! तेथे वेगळे करता न येणारे पाणी बाहेर येताच बांधाने वेगळे कसे होते? ज्याच्या घरात असा वाद असेल त्याने येत्या शनिवारी सायंकाळी भावाच्या अंगणात जावे. बांध कोणाचा, हे कोर्ट ठरवील. बोलणे सुरू करावयास कोर्टाची परवानगी लागत नाही. तेथे जी मान खाली घालावी लागेल, तेच आपले बलिदान. ते घेऊन रविवारी वेदीपाशी यावे.

प्रभू आपणां सर्वांस, आणि आम्हां धर्मगुरूंस प्रथम, ती सद्बुद्धी देवो.