नवख्यांसाठी आवश्यक पाने

आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा सातवीत आहे. इस्लामपुरात शाळांच्या आसपासच्या दुकानांत मिळणारी पोकेमॉनची पाकिटे फोडून त्याने दोनेकशे कार्डे जमवली आहेत. सोनेरी, चकचकीत आणि बहुतेक नकली. एके दिवशी त्याने वडिलांपुढे एक छापील कागद ठेवला. 'नव्या खेळाडूंसाठी आवश्यक कार्डे' असे शीर्षक, खाली वीस नावे आणि ती मिळवण्यासाठी पैशांची मागणी. वडील मराठीचे प्राध्यापक. त्यांनी तो कागद आम्हाला दाखवला आणि म्हणाले, ''आपण बी. ए.च्या पहिल्या वर्गाला जो कागद देतो, तोच हा.''

आम्ही हसलो. मग हसू ओसरले. 'वाचायलाच हवीत अशी पंचवीस पुस्तके' हा कागद आम्हीच तयार केलेला होता आणि दर जूनमध्ये आम्हीच तो वाटत आलो होतो. पुढील लेखन आधी आमच्याविरुद्ध आहे, इतरांविरुद्ध नंतर.

आमचे म्हणणे सरळ आहे. खेळ असो की वाङ्मय, नवख्याच्या हाती दिलेली 'आवश्यक' गोष्टींची यादी त्याला खेळाडू करीत नाही, ग्राहक करते. आणि जे खरोखर आवश्यक असते ते या यादीत कधीच नसते.

प्रथम यादीचे मूळ घर पाहू. जमवण्याच्या पत्त्यांचा आजचा खेळ १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड यांच्या 'मॅजिक : द गॅदरिंग'ने सुरू झाला, जपानात पोकेमॉनची कार्डे १९९६ साली आली. या खेळांत जोड तयार नसतो. पाकिटे विकत घ्यायची, आत काय निघेल ते दैवाधीन, आणि जमलेल्या पानांतून प्रत्येकाने आपला जोड रचायचा. मॅजिकमध्ये किमान साठ पाने, पोकेमॉनमध्ये नेमकी साठ, आणि एका नावाची चारांहून अधिक पाने घ्यायची नाहीत. याला एक अपवाद आहे, आणि आमच्या मते सगळी मेख त्या अपवादात आहे. मॅजिकमध्ये मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि अरण्य ही मूळ भूमीची पाने हवी तेवढी घेता येतात. पोकेमॉनमध्ये मूळ एनर्जीची कार्डे. ही सर्वांत स्वस्त असतात. त्यांच्यावर झळाळी नसते, त्यांचा कुणी हेवा करीत नाही. पण भूमी नसेल तर हातातले महागडे राक्षस नि जादूगार हातातच कुजतात, कारण ते खाली मांडण्याची शक्ती भूमीतूनच येते. उलट मॅजिकमधले सर्वांत प्रसिद्ध पान, १९९३चे 'ब्लॅक लोटस', अधिकृत स्पर्धांच्या जवळजवळ सर्व प्रकारांत निषिद्ध आहे. 'व्हिंटेज' या एकाच प्रकारात ते चालते आणि तेही एकच. म्हणजे ज्याची किंमत सर्वाधिक, त्याच्याशी खेळण्याची मुभा सर्वांत कमी.

सहकाऱ्याच्या मुलाकडच्या दोनशे कार्डांत एनर्जीचे एकही कार्ड नव्हते, आणि त्याने मागितलेल्या वीस नावांतही नव्हते.

आता आमच्या यादीकडे वळू. 'ययाती' (१९५९) तीत होती, 'कोसला' (१९६३) होती. मोठी नावे सगळी होती. वाईट पुस्तक एकही नव्हते. पण ज्या भूमीवर ही पुस्तके उभी राहतात तिचा तीत उल्लेख नव्हता. जात्यावरची ओवी, म्हण, घरातली बोली, बखरीचे वाक्य, कीर्तनातले निरूपण, आपल्या आजीला येणाऱ्या पन्नास-साठ गोष्टी. ही मूळ भूमीची पाने आहेत. ती वाळवे तालुक्यातल्या कोणत्याही घरात फुकट मिळतात, हवी तेवढी घेता येतात, आणि म्हणूनच आम्हाला ती यादीत घालण्याजोगी वाटली नाहीत. ती नसलेला विद्यार्थी 'कोसला' विकत घेतो, कपाटात लावतो, आणि परीक्षेत तिच्याविषयी अपेक्षित प्रश्नसंचातले उत्तर उतरवतो. दोष त्याचा नाही. आम्ही त्याला राक्षस दिला, भूमी दिली नाही.

यावर कुणी म्हणेल, हे परदेशी खेळांचे दृष्टान्त कशाला? तर आपल्याकडचाच दृष्टान्त घेऊ. सावंतवाडीचा गंजिफा प्रसिद्ध आहे. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद येते. अबुल फज्लने 'आईन-इ-अकबरी'त त्याचे वर्णन केले. मोगल गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने. हाच फारसी नावाचा खेळ दक्षिणेत आला तेव्हा त्याने विष्णूचे दहा अवतार अंगावर घेतले : दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. ज्या गावात संभूआप्पा आणि बुवाफन ही दोन नावे एका दमात घेऊन उरूस भरतो, ज्याला ईश्वरपूर हे नाव देण्याची घोषणा २०२५ साली झाली आणि ज्याला बोलताना आम्ही अजून इस्लामपूरच म्हणतो, तिथल्या लोकांना यात नवल वाटू नये. सावंतवाडीत तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात, अठराव्या शतकात, चितारींनी ही गोल पाने रंगवायला घेतली. विसाव्या शतकात कला लोपत चालली असता शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात आसरा दिला.

आम्ही तो जोड विकत आणला आणि एका रविवारी तिघे खेळायला बसलो. प्रत्येकी चाळीस पाने. दिवस असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने डाव उघडायचा, रात्र असेल तर कृष्णाचा. प्रत्येक रंगात राजा वरचा, त्याखाली प्रधान. पण पुढे गंमत आहे. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान; उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का मोठा आणि दश्शी कवडीमोल. एकाच आकड्याचे पान एका रंगात सरदार, दुसऱ्यात शिपाई. तेव्हा 'भारी पानां'ची यादी करायची कशी?

याहून महत्त्वाची गोष्ट 'हुकूम' या शब्दाची. आपल्या बावन्न पानी खेळात हुकूम म्हणजे इतर रंगांना मारणारा रंग. गंजिफात तसा रंगच नाही. तिथे हुकूम म्हणजे त्या रंगातले, त्या क्षणी शिल्लक असलेल्यांतले सर्वांत वरचे पान. राजा गेला, प्रधान गेला, वरची पाने एकेक करून पडली, की सकाळी कुणी न विचारलेली तिर्री संध्याकाळी हुकूम होते. पण हे कळते कुणाला? काय पडले ते ज्याच्या लक्षात आहे त्यालाच. गंजिफात जो जिंकतो तो चांगली पाने मिळालेला नव्हे, तर १२० पानांचा हिशेब ठेवणारा. आमच्यात जिंकला तो ज्याच्याकडे तीनच राजे होते. उरलेले सात आम्हा दोघांकडे असून आम्ही हरलो.

वाङ्मयाचा इतिहास असाच चालतो. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ची. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ती पुन्हा प्रकाशात आणली आणि ते पान हुकूम झाले. मुक्ता साळवे या शाळकरी मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. आज दलित स्त्रियांच्या लेखनाची चर्चा त्याला वगळून करता येत नाही. आम्ही विद्यार्थी असताना ही दोन्ही नावे आम्हाला कुणी आवश्यक म्हणून सांगितली नव्हती. पाने बदलली नाहीत. पटावर काय पडून गेले, ते बदलले. यादी फक्त आजचे राजे दाखवते. उद्याची हुकमी तिर्री ती दाखवूच शकत नाही.

दोन आक्षेप येतील. पहिला : यादीशिवाय नवखा बुडेल. मान्य, त्याला हात धरणारा हवा. पण हात धरणे म्हणजे नावे वाटणे नव्हे. गंजिफा आम्हाला कोणत्याही यादीने शिकवला नाही. चुकीची उतारी केल्यावर ''अहो, तो रंग उलटा आहे'' असे म्हणणाऱ्या भिडूने शिकवला. शिक्षकाचे काम ते आहे, आणि ते टाळण्यासाठी आम्ही कागद वाटत होतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर : जमवणारे आहेत म्हणून चितारींची कला तगली, गंजिफा भिंतीवर लागतो म्हणून तर तो विकला जातो. हेही खरे आहे आणि त्या विक्रीला आमचा विरोध नाही. पण जोड वाचला आणि डाव मेला, तर आपण नेमके काय वाचवले? चौकटीतला राजा कुणालाच मारीत नाही. अभ्यासक्रमात सुरक्षित असलेल्या अभिजात पुस्तकांची अवस्था वेगळी आहे काय, हे आपण शिक्षकांनीच एकमेकांना विचारावे.

शेवटी त्या मुलाविषयी. त्याला आम्ही विचारले, कार्डांशी तुम्ही खेळता काय? तो म्हणाला, कार्डावरचा आकडा बघायचा, ज्याचा मोठा त्याने दोन्ही घ्यायची. मूळ खेळाचे नियम कुणालाच ठाऊक नव्हते, तेव्हा मधल्या सुट्टीत पोरांनी आपला नियम केला. आम्हाला हे त्या वीस नावांपेक्षा थोर वाटले. त्यांच्याकडे खोटी पाने आहेत आणि खरा डाव आहे. आमच्याकडे पाने सगळी खरी होती.

येत्या जूनमध्ये तो कागद आम्ही वाटणार नाही. पहिल्या तासाला प्रत्येकाने घरून एक ओवी नाहीतर म्हण आणायची आणि ती कुठून आली ते सांगायचे. तिथून वाट 'कोसला'कडे जाते की नाही ते पाहू. न गेली तर चुकीची उतारी आमची होती, असे कबूल करून पाने पुन्हा पिसू.