तलाव वर, मुक्काम खाली

दिवाळीच्या सुट्टीची नोंदणी सुरू झाली की सहल-संयोजकांचा एक प्रश्न दरवर्षी आमच्याकडे येतो. यंदाही आला. ‘वीस जणांचा गट आहे, कोयनेच्या तलावात बोटिंग करायचंय, पोफळीला खोल्या बऱ्या दरात मिळतायत. घेऊन टाकू का?’ विचारणारे गृहस्थ नवखे नव्हते, पंधरा वर्षं सहली नेतात. त्यांनी नकाशा पाहिला होता आणि नकाशावर पोफळी आणि कोयनेचा तलाव म्हणजे शिवसागर यांच्यात बोटाच्या पेराएवढंही अंतर नव्हतं.

अंतर खरोखरच थोडं आहे, पण ते डोंगराच्या पोटातलं आहे. नवजाजवळ तलावाचं पाणी बोगद्यात शिरतं, सह्याद्रीखालून पश्चिमेला येतं आणि पावणेपाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोसळतं. १९६२ पासून हे चाललंय. पाण्याला ही वाट मोकळी आहे. आपल्या पाहुण्यांना मात्र कुंभार्ली घाट चढावा लागतो आणि चढूनही ते बोटीपाशी पोचत नाहीत.

याचं कारण नदीच्या चालीत आहे. महाबळेश्वरात उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या धारेला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकला काटकोनात वळून कऱ्हाडची वाट धरते. त्या वळणापाशी धरण आहे. त्यामुळे तलाव रुंद पसरलेला नाही, उत्तर-दक्षिण पन्नासएक किलोमीटर लांबलेला आहे. दक्षिण टोकाला धरण आणि कोयनानगर, उत्तरेच्या अंगाला तापोळा, बामणोली, शेंबडी. धरणालगतचं पाणी सुरक्षेसाठी प्रतिबंधित आहे. पश्चिम काठावर कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतं. बोटी चालतात त्या उत्तरेला. मार्च २०२४ मध्ये शासनाने जलक्रीडांचं केंद्र सुरू केलं तेही जावळीतल्या मुनावळ्याला. पोफळीहून तिकडे जायचं तर घाट चढून पाटण, उंब्रज, सातारा, कास असा सव्वाशे किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. सकाळी निघालेला गट जेवणवेळेला पाण्यावर पोचला तरी नशीब म्हणायचं.

‘मग कोळकेवाडीचा तलाव आहे ना खाली?’ हा दुसरा प्रश्न, आणि आम्हाला त्याचीच जास्त धास्ती वाटते. कोळकेवाडी हा समतोल जलाशय आहे. वरच्या वीजगृहांचं पाणी तिथे थांबतं आणि तिथून पुन्हा वीज करून वाशिष्ठीकडे सोडलं जातं. त्याची पातळी विजेच्या मागणीवर हलते. संध्याकाळी संच सुरू झाले की खालच्या पात्रात ऊन पडलेलं असतानाही पाणी चढतं. चिपळूणची माणसं याला कोयनेचं अवजल म्हणतात आणि नदीचा स्वभाव ओळखून वागतात. पुण्या-मुंबईचा पाहुणा तो ओळखत नाही. अवजलाच्या काठावरची खोली ‘नदीकाठचा निवास’ म्हणून विकताना त्याला हे तोंडी सांगा आणि खोलीतही लिहून लावा. पाण्यात उतरायला जागा दाखवू नका. खालीच बोटीत बसायची हौस असेल तर चिपळूणच्या खाडीत मगरी बघायच्या बोटफेऱ्या निघतात, त्या भरती-ओहोटीच्या वेळेवर. त्यासाठी मुक्काम चिपळुणातच हवा.

उत्तरेला गेल्यावरही निवड संपत नाही. तिथे आम्ही एकच प्रश्न विचारायला सांगतो: मे महिन्यात धक्का कुठे असतो? कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. त्यातलं ६७.५ टीएमसी पाणी वर्षभरात पश्चिमेकडे वीजनिर्मितीला वळवायची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादाने दिलेली आहे, शिवाय पूर्वेकडच्या सिंचनालाही पाणी जातं. ऑक्टोबरात अंगणाला टेकलेला तलाव मेअखेरीस दूर खाली गेलेला असतो आणि मधे भेगाळलेला गाळ, दगड आणि चढ उरतो. ‘तलावकाठचं घर’ हे दिवाळीत खरं असतं, उन्हाळी सुट्टीत त्याचा अर्थ बदलतो. गटात गुडघे दुखणारी आजी असेल किंवा कडेवरचं मूल, तर धक्क्यापर्यंतची चाल हाच मुक्कामाचा खरा दर. खोलीच्या फोटोबरोबर त्याच महिन्यातला धक्क्याचा फोटो मागवा. चांगला यजमान आनंदाने पाठवतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वळवाच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ते सहलीला आलेले नव्हते, रोजच्या वाटेने पाणी ओलांडत होते. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची मुलं बुडाली. बोटीत माणसं जास्त होती आणि लाइफ जॅकेटं सगळ्यांच्या अंगात नव्हती. या दोन तारखा आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हव्यात. मुक्काम धक्क्याजवळ हवा तो यासाठीही. लांबून येणारा गट दुपारी पोचतो, पैसे भरलेले असतात, आणि आभाळ भरून आलेलं असताना ‘आता आलोच आहोत तर’ म्हणत बोटीत बसतो. काठावर झोपलेला गट सकाळी सातला, पाणी आरशासारखं असताना निघू शकतो आणि वारा उठला तर दुसऱ्या दिवसावर ढकलू शकतो. म्हणून आमचा आग्रह दोन रात्रींचा असतो. पाहुण्यांना तो महाग वाटतो. त्यांना कारण सांगितलं की पटतं, असा आमचा अनुभव आहे.

जॅकेट मोजून घ्या, मुलांच्या मापाची वेगळी मोजा, बंद लावून बघा. वेगवान बोट चालवणाऱ्याने गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचं किंवा तशा ठिकाणचं प्रशिक्षण घेतलंय का, हे विचारायला संकोच नको. वासोटा किल्ल्याला जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी लागते, अभयारण्यात रात्रीचा मुक्काम चालत नाही आणि पावसाळ्यात तो रस्ता बंदच असतो. यजमानाला हे सारं तोंडपाठ असेल तर तिथे खुशाल राहा.

आणि यजमान शक्यतो तिथलाच असावा. या तलावाखाली बामणोली-तापोळ्याच्या खोऱ्यातली गावं आणि भातखाचरं गेली. माणसं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीकडे विखुरली आणि जी मागे राहिली त्यांनी काठावर घरं पुन्हा बांधली. आज बोट क्लबच्या पाळीत नंबर लावणाऱ्या अनेक नावाड्यांच्या आजोबांची जमीन त्यांच्याच बोटीखाली आहे. पाण्याखाली कुठे झाडाचा बुंधा आहे, कुठे जुन्या देवळाचा चौथरा, कोणत्या घळीतून वारा अचानक येतो, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांच्या घरच्या भाकरीला जास्त दर द्यावा लागला तरी द्यावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पोफळीला मुक्काम करूच नये, असं मात्र नाही. रात्रीच्या कोकण रेल्वेने चिपळूणला उतरून सकाळी घाट चढायचा असेल, पावसात ओझर्डे धबधबा, कोयनानगरचं नेहरू उद्यान आणि लांबून धरण बघायचं असेल, तर घाटाच्या पायथ्याशी रात्र काढणं सोयीचं आहे. पोफळीतल्या यजमानांनी जाहिरातीत हेच लिहावं, ‘लेक बोटिंग’ हे शब्द काढून टाकावेत. घाट, झरे आणि पायथ्याचं हिरवं गाव यांवर त्यांना हक्काचा पाहुणा मिळेल, आणि तो चिडून परत जाणार नाही.

त्या वीस जणांच्या संयोजकांना आम्ही गाडी साताऱ्याकडे वळवायला सांगितलं. बामणोलीत दोन रात्री, पहिली बोट सकाळी सातची. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, ‘धक्का घरापासून किती पावलांवर आहे, ते कुणाला विचारू?’ आम्ही म्हटलं, जो बोट चालवणार आहे त्यालाच.